ड्रम माउंटन्सच्या पायऱ्या: जुन्या भूकंपाचं वय काढण्याच्या नोंदी

२ मार्च २०२४

आज काम सुरू केलं. १८ मार्च २०२० ला अमेरिकेतल्या युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीजवळ मॅग्नाला ५.७ चा भूकंप झाला तेव्हा मी इथेच होतो. घर हललं, कपाटातली भांडी खाली आली, पण जमीन वरपर्यंत फाटली नाही. मोठ्या भूकंपात ती फाटते. एक बाजू खाली सरकते आणि मैदानात पायरी उभी राहते. तिला फॉल्ट स्कार्प म्हणतात. पुढच्या हजारो वर्षांत ही पायरी पाऊस, दंव, उंदीर-घुशी आणि मुळं यांनी झिजत जाते. किती झिजली हे मोजता आलं तर ती कधी उभी राहिली याचा अंदाज बांधता येतो. सॉल्ट लेक सिटीला लागून असलेल्या वासॅच पट्ट्यात ५० वर्षांत ६.७५ किंवा त्याहून मोठा भूकंप होण्याची शक्यता ४३ टक्के असल्याचं तज्ज्ञांच्या गटाने २०१६ मध्ये सांगितलं. असे आकडे जुन्या भूकंपांच्या तारखांवर उभे असतात. त्या तारखा कशा निघतात हे मला हाताने करून बघायचं आहे.

जागा म्हणून वासॅच घेतला नाही, तिथे घरं आणि रस्ते फार. पश्चिम युटामध्ये, डेल्टा गावाच्या वायव्येला ड्रम माउंटन्स आहेत. त्यांच्या पायथ्याच्या खडीच्या उतारांवर या पायऱ्या उघड्या पडलेल्या दिसतात. शिवाय शेजारीच बॉनव्हिल या आटून गेलेल्या महासरोवराचा जुना किनारा आहे. त्याचं वय सुमारे १८ हजार वर्षं. वय माहीत असलेली ही किनाऱ्याची कड किती झिजली ते मोजलं की इथला झिजण्याचा वेग निघतो, म्हणून पुढचं सगळं गणित याच किनाऱ्यावर उभं राहणार आहे.

३ मार्च

मॉडेल थोडक्यात लिहून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्या चुका यातल्याच आहेत. उतार जिथे जास्त तिथून माती जास्त जाते आणि खाली साचते. हेच उष्णतेच्या डिफ्यूजनचं, म्हणजे हळूहळू पसरण्याचं, समीकरण. झिजण्याच्या वेगाला कप्पा (ग्रीक अक्षर κ) म्हणायचं, एकक चौरस मीटर प्रति हजार वर्षं. मॉडेल जमिनीचा आकार बघून कप्पा आणि काळ यांचा गुणाकार देतं, वर्षं देत नाही. त्या गुणाकाराला मी इथे ‘कप्पा-टी’ म्हणेन. साध्या सूत्रात पायरीचा कमाल उतार वजा मूळ जमिनीचा उतार, बरोबर पायरीची अर्धी उंची भागिले ‘पाय (π) गुणिले कप्पा-टी’चं वर्गमूळ. यात उतार अंशांत घालायचा नाही, टॅन्जंट घालायचा. मी पहिल्या दिवशी अंश घातले आणि एक संध्याकाळ गेली.

९ मार्च

पहिलं उत्तर २६ हजार वर्षं. ते अशक्य आहे. या पायऱ्या सरोवराच्या सर्वोच्च पातळीच्या खाली आहेत. १८ हजार वर्षांपूर्वी इथे पाणी होतं. त्याआधीची मऊ खडीची पायरी लाटांखाली अशी टिकली नसती.

डेटा १० मीटरचा डीईएम होता, म्हणजे दर १० मीटरला एक बिंदू असलेला जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा. ४ मीटर उंचीची पायरी साधारण १५-२० मीटर रुंदीत पसरलेली असते. म्हणजे तिच्यावर माझे दोनच बिंदू पडत होते. दोन बिंदूंतून उतार काढला तर तो कमी येणारच, आणि उतार कमी म्हणजे वय जास्त. आठवडा गेला. डीईएमचा बारीकपणा आधी तपासला असता तर एका तासात कळलं असतं.

१६ मार्च

लायडारचा (विमानातून लेझरने मोजलेला) १ मीटरचा डीईएम उतरवला, फुकट. खर्च फक्त नव्या हार्ड डिस्कचा, ७० डॉलर. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये पायऱ्यांना आडव्या १४ रेषा मारून त्यांचे उभे छेद काढले. छेद खडबडीत आहेत. सेजब्रशची झुडपं गुडघाभर असतात आणि लायडारला ती जमिनीपासून नीट वेगळी करता येत नाहीत. म्हणून डीईएमवर गॉसियन फिल्टर फिरवला, तो आसपासच्या बिंदूंची सरासरी घेऊन खडबडीतपणा घालवतो. किती दूरपर्यंतची सरासरी हे सिग्मा ठरवतो, तो ३ मीटर ठेवला. छेद देखणे झाले.

४ मीटरच्या पायरीचं कप्पा-टी १५.२ आलं.

२३ मार्च

कप्पा कुठून घ्यायचा? १९८४ साली हॅंक्स आणि सहकाऱ्यांनी बॉनव्हिलच्या किनाऱ्यासाठी १.१ हा आकडा दिला, तो सगळीकडे वापरला जातो. त्याच कामात कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या समुद्रकड्यांसाठी ११ आहे. एकाच देशात, त्याच अक्षांशांच्या आसपास, दहापट. त्यामुळे दुसऱ्या जागेचा कप्पा उचलून आणायचा नाही हे ठरलं.

१.१ वापरतानाही एक खड्डा आहे, आणि मी त्यात पडलो. तो आकडा निघाला तेव्हा किनाऱ्याचं वय कार्बन-वर्षांत (रेडिओकार्बनच्या मोजणीतून थेट निघणारी, दुरुस्त न केलेली वर्षं) धरलं जात होतं, आणि ते १५ हजारांच्या आतबाहेर होतं. कार्बन-वर्षं खऱ्या वर्षांत बदलली की तोच किनारा १८ हजारांवर जातो. जमीन तीच, कप्पा-टी तेच सुमारे १६. मग कप्पा १.१ राहत नाही, ०.८९ होतो. मी कप्पा जुना घेतला आणि उत्तर खऱ्या वर्षांत लिहिलं. यात माझं वय जवळजवळ पाचवा हिस्सा चुकत होतं. जुने निबंध वाचताना प्रत्येक वेळी आधी हे बघा की त्यातली वर्षं कोणती आहेत.

३० मार्च

कोड स्वतः लिहायला घेतला, कारण सूत्र फक्त एका झटक्यात उभ्या राहिलेल्या सरळ भिंतीसाठी आहे. पायथनमध्ये साधी पद्धत: छेदाचे तुकडे करायचे, प्रत्येक पावलाला माती पुढच्या तुकड्यात सरकवायची. तुकडा अर्धा मीटर, पाऊल १०० वर्षं. छान चाललं. मग बारकावा हवा म्हणून तुकडा पाव मीटर केला आणि पाऊल तसंच ठेवलं. पायरीच्या कडेवर करवतीचे दात उगवले, पुढच्या काही पावलांत ते डोंगराएवढे झाले.

या पद्धतीत वेळेचं पाऊल ‘तुकड्याचा वर्ग भागिले दुप्पट कप्पा’ यापेक्षा मोठं चालत नाही. कप्पा १ धरला तर अर्ध्या मीटरला १२५ वर्षं, पाव मीटरला फक्त ३१. तुकडा निम्मा केला की पाऊल चौथाई करावं लागतं. आता कोड पाऊल स्वतःच ठरवतो.

६ एप्रिल

खरी पायरी भिंतीसारखी सुरू होते, पण तशी राहत नाही. आयडाहोमध्ये २८ ऑक्टोबर १९८३ च्या बोरा पीक भूकंपात २.७ मीटरपर्यंतची पायरी तयार झाली. अशा उभ्या कडेची माती ढासळून खाली साचते आणि उतार साधारण ३३ अंशांवर स्थिरावतो. नेव्हाडातल्या पायऱ्यांवर वॉलेसनी १९७७ मध्ये हे टप्पे नीट मांडले. ढासळण्याचा हा काळ आपल्या हिशेबात नगण्य. हळू झीज त्यानंतर सुरू होते.

म्हणून सुरुवात भिंतीऐवजी ३३ अंशांच्या उतारापासून केली. ४ मीटरच्या पायरीला कप्पा-टी साधारण १.९ ने उतरलं. ०.९ कप्प्याने ही २ हजार वर्षं होतात. एवढा फरक फक्त सुरुवातीच्या आकाराचा.

तीव्र उतारावर माती सरळ प्रमाणात सरकत नाही, एकदम वेगाने जाते. तेही घालून पाहिलं. उतार घसरणीच्या मर्यादेच्या नऊ दशांशाला पोचला की परिणामी कप्पा पन्नासपट होतो, म्हणून पाऊल ३१ वर्षांवरून सहा-सात महिन्यांवर आणावं लागतं. एका छेदाला ४० मिनिटं लागू लागली. फॉर-लूप काढून सगळं नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या ॲरेमध्ये बसवलं, मग दीड मिनिट. माझ्या पायऱ्या आज २२-२३ अंशांच्या आहेत, मर्यादेपासून बऱ्याच लांब, त्यामुळे अंतिम आकड्यात फरक थोडाच पडला. ताज्या आणि उंच पायऱ्यांना मात्र हे लागेल.

९ एप्रिल, पाडवा

सुट्टी नव्हती, तरी संध्याकाळी गुढी उतरवून झाल्यावर तासभर बसलो. सेजब्रशचा खडबडीतपणा फिल्टर न लावता कसा हाताळायचा ते सुचत नाही.

१३ आणि १४ एप्रिल, प्रत्यक्ष जागेवर

धाकट्या मावसभावाला घेऊन गेलो. घरापासून डेल्टापर्यंत सव्वादोनशे किलोमीटर, पुढे कच्चा रस्ता. पेट्रोल आणि एक रात्र मोटेल मिळून १९० डॉलर. मोजायला दीड मीटरची सरळ लाकडी पट्टी आणि त्यावर ३५ डॉलरचा डिजिटल कोनमापक. जीपीएस भाड्याने घेणार होतो, पण दोन दिवसांचे ३०० मागितले, सोडून दिला. त्याचं वाईट वाटत नाही. पट्टी जमिनीवर ठेवायची, कोन लिहायचा, पट्टी पुढे टाकायची. झुडूप आलं की ते बाजूला दाबून पट्टी खऱ्या जमिनीवर टेकवता येते, लायडारला ते जमत नाही. एका छेदाला ३५ ते ४५ मिनिटं. दोन दिवसांत ९ छेद.

पहिल्याच छेदात भाऊ खाली उभा राहून म्हणाला, “दादा, तू पायरीला काटकोनात चालतच नाहीयेस.”

बरोबर होतं. मी नकाशावर सगळ्या रेषा सरळ पूर्व-पश्चिम मारल्या होत्या आणि तोच कोन घेऊन चालत होतो. पायरी उत्तरेपासून २० अंश पूर्वेकडे कललेली. रेषा २० अंश तिरकी असली की पायरी रुंद दिसते, आणि कप्पा-टी रुंदीच्या वर्गाने वाढतं, म्हणून वय १३ टक्क्यांनी जास्त. ३० अंश तिरकी असती तर ३३ टक्के. मी महिनाभर स्क्रीनवर त्याच रेषा बघत होतो.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. डीईएमवरून निवडलेल्या पाच जागांपैकी दोन बाद. वर बोटभर खडी, खाली पक्का खडक. हातोडा मारला की आवाज बदलतो. खडकाची कडा डिफ्यूजनने झिजत नाही. त्या दोन छेदांवरून कप्पा निम्म्याहून कमी आला असता आणि पायऱ्यांची वयं दुप्पट. स्क्रीनवर खडी आणि खडक सारखेच दिसतात, म्हणून किनाऱ्याचा छेद घेताना हातोडा न्यायलाच हवा.

उरलेल्या तीन जागांपैकी एकीचं तोंड दक्षिणेला आणि माझ्या पायऱ्यांचं पूर्वेला. आयडाहोच्या पायऱ्यांवर पिअर्स आणि कोलमन यांनी १९८६ मध्ये दाखवलं की दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांची झीज जास्त होते, आणि उंची वाढेल तसा हा फरकही वाढतो. म्हणून तीही बाद. पूर्वेकडे तोंड असलेल्या, साधारण ४ मीटर उंचीच्याच आणखी दोन जागा शोधल्या. संध्याकाळचे सात वाजले, वारा इतका की पट्टी धरवत नव्हती.

परतताना सरोवराच्या किनाऱ्याची ती आडवी रेघ डोंगरावर लांबपर्यंत दिसत होती. जी. के. गिल्बर्टनी हा प्रदेश घोड्यावरून फिरून हे सरोवर मांडलं, आणि १८८३ मध्ये सॉल्ट लेकच्या वर्तमानपत्रात लिहून लोकांना सावध केलं की वासॅचच्या पायथ्याच्या पायऱ्या भूकंपाच्या आहेत. कोनमापक धरून थंडीत उभं राहिल्यावर त्या माणसाबद्दलचा आदर फार वाढला.

२० एप्रिल

या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक आज सापडली.

पट्टीने मोजलेले छेद आणि लायडारचे छेद एकमेकांवर ठेवले. उंची जुळते, पण लायडारची पायरी जास्त पसरट. रेषा काटकोनात फिरवल्या, १५.२ चं १३.४ झालं. तरी पट्टीच्या ८.९ पासून फार लांब.

मग लक्षात आलं की गॉसियन फिल्टर म्हणजेच डिफ्यूजन. गणित तेच आहे. निसर्ग हजारो वर्षं जे करतो ते मी एका क्लिकमध्ये वर आणखी केलं. फिल्टर किती कप्पा-टी वाढवतो हे नेमकं सांगता येतं: सिग्माचा वर्ग भागिले दोन. सिग्मा ३ मीटर, म्हणजे ४.५. १३.४ वजा ४.५ बरोबर ८.९. पट्टीशी अगदी जुळलं.

०.८९ च्या कप्प्याने ही ४.५ म्हणजे ५ हजार वर्षं. छेद देखणा करण्यासाठी मी पायरीचं वय ५ हजार वर्षांनी वाढवून ठेवलं होतं. पहिल्या २६ हजारांचंही कारण हेच, तिथे १० मीटरच्या डीईएमनेच गुळगुळीत केलं होतं. आता मी फिल्टर अजिबात लावत नाही. खडबडीत छेदावरच मॉडेल बसवतो, झुडपांचे वर आलेले बिंदू बाद करतो. कुणाला फिल्टर लावावाच लागला तर सिग्मा लिहून ठेवा आणि शेवटी त्याच्या वर्गाचा निम्मा भाग वजा करा.

४ मे

किनाऱ्याचं कप्पा-टी: भिंतीपासून सुरुवात धरली तर सरासरी १६, ३३ अंशांपासून धरली तर १४. म्हणजे कप्पा अनुक्रमे ०.८९ आणि ०.७८. पायरीचं: ८.९ आणि ७.

भिंतीचं मॉडेल दोन्हीकडे: १० हजार वर्षं. उताराचं दोन्हीकडे: ९ हजार. पण पायरीला भिंतीचं आणि कप्प्याला उताराचं घेतलं तर ११,४००. मी मागच्या आठवड्यात हेच केलं होतं, कारण किनाऱ्याची फाइल नव्या कोडने चालवली आणि पायऱ्यांची जुनीच होती. दोन्हीकडे एकच मॉडेल असेल तर त्याच्यातली खोट बरीचशी कापली जाते.

११ मे

चुकीची मर्यादा, म्हणजे उत्तर किती वर-खाली असू शकतं ते, काढण्यासाठी प्रत्येक छेद १० हजार वेळा चालवला. प्रत्येक वेळी सुरुवातीचा कोन, आजूबाजूच्या जमिनीचा उतार, कप्पा थोडा-थोडा हलवून. लॅपटॉप रात्रभर तापला. ४ मीटरच्या आसपासच्या सहा छेदांतून उत्तर साडेसात ते १२ हजार वर्षं. मर्यादा मोठी आहे, आणि ती मुख्यतः कप्प्यातून येते, मोजमापातून नाही. आणखी २० छेद घेऊनही ती फारशी अरुंद होणार नाही, किनाऱ्याच्या आणखी जागा घेतल्या तर होईल. याच पट्ट्याची वेगवेगळ्या संशोधकांनी काढलेली वयंही हजारो वर्षांनी वेगळी आहेत, हे आता मला खटकत नाही.

१८ मे

औशाहून काकांचा फोन. १९९३ ला किल्लारीच्या भूकंपानंतर शेतात जो उंचवटा आला होता, त्यावरून आधीचे भूकंप काढता येतील का, असं ते विचारत होते. घरात त्या पहाटेची माणसं आहेत, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी कोरडा नाही. पण उत्तर नाही असंच द्यावं लागलं. तो उंचवटा एक मीटरच्याही आत होता. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि वर नांगर फिरतो. तिथे झीज उतारावर अवलंबून राहत नाही, ती नांगरावर ठरते. अशा ठिकाणी आडवा चर खणून थर वाचणं हाच मार्ग.

१ जून

शेवटचा छेद, सर्वांत उंच, ५.२ मीटरचा. याच्या माथ्याजवळ एक मंद उतार आहे आणि मध्ये जास्त तीव्र. डोळ्यांना वाटतं की आधी एक भूकंप झाला, ती पायरी झिजली, मग दुसऱ्याने तिला खालून पुन्हा उचललं. दोन भूकंपांचं मॉडेल बसवलं: २.२ मीटर १६ हजारांच्या सुमारास, ३ मीटर ९ हजारांच्या. सुंदर बसलं. मला दोन दिवस फार आनंद झाला.

मग एकाच भूकंपाचं मॉडेल त्याच छेदावर बसवून दोघांतला फरक काढला. जास्तीत जास्त ५ सेंटीमीटर. आणि झुडपांच्या बुडाशी साचलेल्या मातीचे उंचवटे ८-१० सेंटीमीटरचे. म्हणजे माझ्या मोजमापाला हे दोन इतिहास वेगळे करता येत नाहीत. दुसऱ्या मॉडेलला आकडे जास्त हलवता येतात, म्हणून ते जास्त छान बसतं, एवढंच. आधीच्या भूकंपाचं वय १३ हजार घातलं तरी चालतं, ३० हजार घातलं तरी चालतं. १८ हजारांच्या मागे मी जाऊ देत नाही ते फक्त सरोवरामुळे.

त्यामुळे फाइलमध्ये या छेदापुढे ‘एक किंवा दोन, ठरवता येत नाही’ असं लिहिलं आहे. इथे चर खणला तर ढासळलेल्या मातीचे थर एक आहेत की दोन, हे दिसेल. मी काहीच खणलेलं नाही, तो माझा अधिकारही नाही.

आजवरचा खर्च: हार्ड डिस्क ७०, कोनमापक ३५, प्रवास आणि मोटेल १९०, पट्टी आणि किरकोळ २०, एकूण ३१५ डॉलर. वेळ साधारण १३० तास, त्यातले ६० तरी चुकीच्या डीईएममध्ये, तिरक्या रेषांत आणि फिल्टरमध्ये गेले. ऑक्टोबरमध्ये ऊन उतरलं की किनाऱ्याच्या पूर्वाभिमुख भागावर आणखी सहा छेद घ्यायचे आहेत. जीपीएस नको, हातोडा आणि पट्टी पुरे.